गिधाडांची पंगत

रानातील प्राण्यांची संख्या कशी वाढते आणि कशी ओसरते, हा विषय निघाला की वाघ आणि हरिणे यांचीच आठवण होते. मला गिधाड अधिक बोलके वाटते. ते देखणे नाही, आणि आपल्या भाषेनेही त्याचे नाव शिवीसाठीच राखून ठेवले आहे.

१९८० च्या सुमारास उत्तर भारतात गावाबाहेर, मेलेली ढोरे टाकण्याच्या जागी, पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची पंगत बसलेली दिसे. बैलाचे धूड ती तासाभराच्या आत हाडांपर्यंत साफ करीत. पुढे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची दर हजारी एवढीच एक व्यक्ती भारतात उरली!

भरतपूरच्या अभयारण्यात डॉ. विभु प्रकाश यांच्या ही घट ध्यानी आली. कारण मात्र २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून प्रसिद्ध झाले. गुरांच्या सुजेवर व वेदनेवर डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जाई. ते दिल्यावर लगेच दगावलेल्या जनावराच्या मांसात त्याचा अंश राहतो. ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, आतील अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि थोड्याच दिवसांत ते मरते.

पण सगळ्याच गुरांना काही हे औषध मिळत नव्हते; मग एवढा संहार कसा झाला? शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तेव्हा शंभरांत एकाहूनही कमी मढी विषारी असली तरी ही घसरण घडू शकते, असे आढळले. एकाच मढ्यावर कितीतरी गिधाडे एकत्र जेवतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू स्वतः वीण घालण्याजोगे होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. अशी जात टिकते ती पुष्कळ जन्मांवर नव्हे, तर दीर्घ आयुष्यावर. मृत्यू थोडे वाढले की जमाखर्च तुटीत गेलाच.

अन्न मात्र होते तेवढेच राहिले. मढ्यावर पूर्वीही कुत्री येत, पण गिधाडांच्या झुंडीपुढे त्यांच्या वाट्यास थोडेच येई. आता सगळे पान त्यांचे झाले. कुत्री वर्षाच्या आत वयात येते, आणि एका वेतात चार-सहा पिल्ले देते. ती वाढली यात नवल नाही. परंतु जागा भरली म्हणून काम झाले नाही. मढी दिवसेंदिवस कुजत पडू लागली. आणि पिसाळण्याचा रोग माणसाला गिधाडापासून होत नाही, कुत्र्यापासून होतो.

२००६ साली भारत सरकारने हे औषध गुरांसाठी वर्ज्य केले. आदेश निघणे आणि तो गोठ्यापर्यंत पोचणे यांत किती अंतर असते, हे माझ्यासारख्या प्रशासकाला निराळे सांगावे लागत नाही. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जातच होत्या. २०१५ साली कुपीचे माप ३ मिलिलिटरवर आणावे लागले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध हाताशी असताना, केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक ही घातक औषधे २०२३ पर्यंत गुरांसाठी मोकळीच राहिली.

हरियाणात पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वनखात्याच्या सहकार्याने गिधाडांची पैदास चालविली आहे. तेथे जोडप्याचे पहिले अंडे काढून यंत्रात उबविण्याचा प्रयोग झाला. ते गेले की मादी त्याच हंगामात कधीकधी दुसरे घालते. वर्षाला एकाच्या जागी दोन पिल्ले, एवढीच घाई या पक्ष्याला करता येते.