रिकाम्या खाटेचा हिशोब

(ग्रामसभांच्या शिबिरात आम्ही केलेले भाषण. गावात वाचून दाखवावे.)



पट्ट्यांचं बोलायचं सोडून आज दवाखान्याच्या खाटा कशाला, असं कोणी म्हणेल. कारण असं झालं. तालुक्याच्या बैठकीत आम्ही रुग्णालयाच्या खाटा वाढवा म्हणून मागणी केली. साहेबांनी एक कागद वाचला आणि म्हणाले, "वर्षभरात आहेत त्या खाटाच भरत नाहीत. तुमचे लोक पुजाऱ्याकडे जातात. वाढवून काय करू?" आम्ही तसेच परत आलो. उत्तर तोंडात होतं, पण आकडा जवळ नव्हता.

मग तो आकडा बनतो कसा ते आम्ही शिकलो. तेच आज सांगतो.

ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं असतं. वर्षाचे दिवस 365. 30 गुणिले 365 म्हणजे 10,950. एवढे "खाट-दिवस" वर्षाला आहेत असं धरतात. रोज रात्री 12 वाजता किती पेशंट भरती आहेत ते मोजतात. वर्षाची ती सगळी बेरीज 10,950 मध्ये किती टक्के बसते, तो खाटांच्या वापराचा आकडा. गणित सरळ आहे. लबाडी गणितात नाही, त्यातून जो अर्थ काढतात त्यात आहे.

समजा, जून ते सप्टेंबर या 122 दिवसांत रोज 45 पेशंट आहेत. आपण पाहिलंच आहे, मलेरियाच्या दिवसांत एका खाटेवर दोन लेकरं आणि बाया खाली सतरंजीवर. 122 गुणिले 45 म्हणजे 5,490. बाकीच्या 243 दिवसांत रोज 5 पेशंट धरा. ते झाले 1,215. दोन्ही मिळून 6,705. आता टक्के काढा. येतात 61. म्हणजे कागदावर शंभरातल्या 39 खाटा रिकाम्या! ज्या चार महिन्यांत 30 खाटांवर 45 माणसं होती, ते चार महिने सरासरीत बुडाले. उन्हाळ्यातली रिकामी खाट पावसाळ्यातल्या पेशंटला उचलून देता येते काय?

दुसरी गोष्ट. मोजणी रात्री 12 ची. आपल्या एका गावातल्या बाईला कळा सुरू झाल्या. पूर आलेला. घरचीच बाज उलटी करून तिला बांबूला बांधली, चार माणसांनी खांद्यावर घेतली, नाला डोंग्याने ओलांडला, पुढे जीप. दिवे लागायच्या वेळी रुग्णालयात पोचले. तिथे सिस्टर एकटी. रक्त नाही, भूल देणारा डॉक्टर नाही. भरती न करता चिठ्ठी हातात दिली, मोठ्या रुग्णालयात न्या. रात्री 12 वाजता ती बाई रस्त्यावर होती. त्या रात्रीच्या मोजणीत ती नाही. तिच्यासाठी जी खाट असायला पाहिजे होती, ती "रिकामी" म्हणून लिहिली गेली. बाई वाचली, लेकरू गेलं. ते कोणत्या तक्त्यात आहे ते आम्हाला सापडलं नाही.

तिसरी गोष्ट. मंजूर खाट वेगळी आणि चालू खाट वेगळी. लोखंडी पलंग, गादी, चादर म्हणजे खाट नव्हे. तिच्यामागे सिस्टर, डॉक्टर, औषध, रक्त, पाणी, वीज असेल तर ती खाट. पदं रिकामी, म्हणून पेशंट पुढे पाठवतात. पुढे पाठवतात म्हणून खाटा रिकाम्या. आणि खाटा रिकाम्या म्हणून पदं भरत नाहीत. हा भोवरा आहे. आपले लोक येत नाहीत म्हणतात. दोनदा खांद्यावर नेऊन दोनदा चिठ्ठी मिळाली, तर तिसऱ्यांदा कोण जाईल?

आता सरकारचाच नियम बघू. आदिवासी आणि डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 6 खाटांचं. 80,000 लोकांमागे 30 खाटांचं रुग्णालय. म्हणजे 80,000 माणसांना चार केंद्रांच्या 24 आणि रुग्णालयाच्या 30, मिळून 54 खाटा. नियम पूर्ण पाळला तरी हजार माणसांना एक खाटही नाही. भोर समितीने 1946 मध्ये लिहिलं होतं की पुढच्या चाळीस वर्षांत हजारी 5.67 खाटा व्हाव्यात. म्हणजे 80,000 ला साडेचारशे. सत्तर वर्षांनी 2017 चं राष्ट्रीय आरोग्य धोरण हजारी 2 वर आलं, म्हणजे 160. साहेब म्हणतील, जिल्ह्याच्या आणि खासगी खाटा धरा. धरू. पण त्याच धोरणात लिहिलं आहे की खाटा अशा ठिकाणी असाव्यात की पहिल्या मोलाच्या तासात माणूस पोचेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. तिकडच्या माणसाला गडचिरोलीची खाट कागदावरच.

मग करायचं काय?

एक, माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. उत्तर 30 दिवसांत. पाच गोष्टी मागा: मंजूर खाटा, चालू खाटा, मंजूर आणि भरलेली पदं, महिन्यावार खाट-दिवस, आणि महिन्यावार पुढे पाठवलेले पेशंट. वर्षाची सरासरी दिली तर घेऊ नका, महिन्यावारच मागा.

दोन, गावाची वही. कोण आजारी पडलं, कसं नेलं, किती वाजता पोचलं, खाट मिळाली की चिठ्ठी, खर्च किती, पुढे काय झालं. वाटेत गेलेला माणूसही त्यात लिहा. लिहिता येणारी पोरं प्रत्येक गावात आहेत.

तीन, ग्रामसभेचा ठराव. 1996 चा पेसा कायदा समाजाच्या कामाच्या संस्थांवर आणि तिथल्या नोकरांवर नियंत्रणाचा अधिकार पंचायतीला आणि ग्रामसभेला देतो. आणि "वनखात्याची जागा आहे, दवाखाना बांधता येत नाही" हे कारण आता चालणार नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट एवढीच की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत. जमिनीचा लढा आणि खाटेचा लढा असा एकाच कायद्यात आहे.

पट्ट्याच्या वेळी आपण मोजणी स्वतः केली, नकाशे स्वतः काढले, तेव्हाच दावे टिकले. इथेही तसंच. ते खाटा मोजतील, माणसं आपण मोजू. पुढच्या बैठकीला साहेबांचा कागद येईल, आपली वहीही येईल. दोन्ही शेजारी ठेवून बोलू.

जोहार.