बेगल कापा, पण वेगळा होऊ देऊ नका

आज कोडिंग नाही, डायरेक्ट सुरी. जमलं तर एक बेगल घेऊन बसा. बेगल म्हणजे मधे भोक असलेला तो जाडसर पाव. मेदूवड्यावर मी आधी ट्राय केलंय, पण कुरकुरीत कवच तुटून सगळा चुरा झाला. वाया नाही गेला, सांबारात गेला.

तर कोडं असं: बेगलचे दोन सारखे तुकडे करायचे, पण ते साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले राहिले पाहिजेत. चिकटवाचिकटवी नाही. ही करामत जॉर्ज हार्ट यांची. ते गणितज्ञ आणि शिल्पकार, न्यूयॉर्कच्या गणित संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक.

आपण नेहमी सुरी आडवी धरतो. वरची एक रिंग, खालची एक, विषय संपला. इथे काप रिंगभोवती नेताना हळूहळू पिळत न्यायचा. बेगल ताटात ठेवा आणि त्याला घड्याळ समजा. बारा वाजता खूण वरच्या पाठीवर. तीनला भोकाच्या आतल्या कडेला. सहाला बुडाशी. नऊला बाहेरच्या कडेला. या खुणा जोडत परत बारावर या. ही पहिली रेघ. दुसरी बरोबर तिच्या विरुद्ध बाजूने: बाराला बुडाशी, तीनला बाहेर, सहाला वर, नऊला आत. आता दोन्ही रेघांवरून सुरी घाला, पण पावाच्या जाडीच्या मध्यापर्यंतच. दोन्ही काप आत एकमेकांना भेटले की झालं. हलक्या हाताने सोडवा.

मला पहिल्यांदा काय मिळालं? एकच लांब वेटोळं! दोन तुकडे झालेच नाहीत. नंतर लक्षात आलं की अख्ख्या फेरीत मी अर्धाच पीळ दिला होता, १८० अंश. मग फेरी संपताना वरचा भाग खालच्याला जाऊन मिळतो आणि सगळं एकच राहतं. तो काप म्हणजे मोबियस पट्टी, १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग यांना स्वतंत्रपणे सापडलेली. पूर्ण ३६० अंश पिळलं की प्रत्येक भाग स्वतःलाच येऊन मिळतो, पण वाटेत दुसऱ्याभोवती एक वेढा घालून. म्हणून अडकतात.

खरं सांगू? फर्स्ट इयरला मला इंजिनीअरिंग ग्राफिक्समध्ये केटी लागली होती. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला थ्रीडी दिसतच नाही." मी ते खरं मानलं. ऑफिसमध्येसुद्धा थ्रीडीचं काही आलं की गुपचूप दुसऱ्याकडे सरकवायचे. आणि त्या रविवारी ओट्याशी उभी राहून, चुकलेलं वेटोळं हातात घेऊन, मी स्वतः बग शोधला होता. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण आता खा."

पुढच्या वेळी दोन पूर्ण पीळ देणार आहे, म्हणजे कड्या एकमेकींत दोनदा गुंततील. बेगल जरा जाड लागेल. आणि हो, पिळलेला काप सपाट कापापेक्षा मोठा असतो, त्यामुळे चीज जास्त मावतं.