गणवेशाचे मौन



भावी सेनाधिकाऱ्यांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत आणि आपले वर्तन कसे राखावे, हा आजचा विषय. त्यावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आमचे आयुष्य गेट-सभांत गेले. अन्याय झाला तर बोला, चारचौघांत बोला, हातपत्रक काढा, हेच आम्ही सांगत आलो. आणि आज बोलायचे आहे ते अशा माणसांविषयी, ज्यांना हे सारे कायद्यानेच बंद करता येते. पण म्हणूनच तर हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा आहे.

राज्यघटनेच्या 33 व्या कलमाने सैन्यातील लोकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्याला धरून 1950 च्या लष्कर कायद्यात 21 वे कलम आहे. त्यान्वये केंद्र सरकारला तीन गोष्टींवर बंधन घालता येते. एक, कामगार संघटनेचे किंवा दुसऱ्या संस्थेचे सभासद होणे. दोन, सभेला जाणे, तिथे भाषण करणे, निदर्शनात उतरणे. तीन, वृत्तपत्रांशी संबंध ठेवणे किंवा पत्र, पुस्तक वा कागद प्रसिद्ध करणे. यातले पहिले आमचा धंदा आहे, दुसरे आपण या घटकेला करीतच आहोत, आणि तिसरे आता प्रत्येकाच्या खिशात येऊन बसले आहे. 1950 साली काही प्रसिद्ध करायचे तर छापखान्याची पायरी चढावी लागे. आज अंगठा हलवला की झाले.

हा अंगठा कोणाचा, तेही पाहू. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलगा जातो तो साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा. तिथे तीन वर्षे काढतो, मग भूदलात जायचे असेल तर डेहराडूनला आणखी एक वर्ष. 2022 पासून तिथे मुलीही शिकू लागल्या. 30 मे 2025 रोजी पहिल्या 17 मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तेव्हा आम्ही मुलगा म्हणू तिथे मुलगीही समजावी. या मुलाच्या हाती मिसरूड फुटण्याआधी फोन आलेला असतो. जेवण केले, फोटो टाकला; पाऊस पडला, फोटो टाकला. ही सवय घेऊनच तो गणवेश चढवतो, आणि बाविशीच्या आसपास, बापाच्या वयाच्या सुभेदारासकट, एका तुकडीचा अधिकारी होतो.

एखाद्या फोटोने असे काय बिघडते? विणकराला विचारा. सुटा धागा काही सांगत नाही. मागावर चढला की नक्षी उमटते. मागे दिसणारी डोंगराची रेघ, गाडीचा क्रमांक, खांद्यावरचे चिन्ह, ‘उद्या निघतो’ एवढे दोन शब्द, हे सारे सुटे धागे. शत्रूचा माग ते जोडत बसतो. नोव्हेंबर 2017 मध्ये स्ट्राव्हा नावाच्या कंपनीने, लोक कुठे धावतात याचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचे नाव नव्हते. पण जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या ध्यानात आले की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या अंधाऱ्या भागांत परदेशी लष्करी तळांच्या वाटा लख्ख उजळल्या आहेत. कोणी गुपित फोडले नव्हते. जवान प्रकृतीसाठी धावले होते, एवढेच.

दुसरे उदाहरण रक्ताचे आहे. 1 जानेवारी 2023 च्या मध्यरात्री, नव्या वर्षाच्या पहिल्याच घटकेला, माकीव्का येथे रशियन सैनिकांच्या निवासावर युक्रेनचे अग्निबाण पडले. रशियाने स्वतःच 89 मृत्यू कबूल केले आणि मुख्य कारण सांगितले ते असे, की सैनिकांनी मना केलेले फोन वापरले. पण तिथल्याच लोकांनी विचारले, इतकी माणसे एका इमारतीत कोंडली कोणी? हा प्रश्न आम्हांला फार ओळखीचा वाटतो. कारखान्यात अपघात झाला की पहिला दोष हात तुटलेल्या कामगाराचा ठरतो. यंत्राला जाळी का नव्हती, हे मागाहून विचारले जाते, आणि तेही कोणी विचारणारा असला तर.

येथे आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. सैनिकाने बोलू नये, हे आम्ही मान्य करतो. जुलै 2020 मध्ये भूदलाने फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप फोनमधून काढून टाकण्यास आपल्या लोकांना सांगितले. एका अधिकाऱ्याने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑगस्टमध्ये ती फेटाळली गेली. असे नियम काळानुसार सैल होतील, घट्ट होतील. पण ज्याला बोलायची बंदी, त्याच्या वतीने बोलणारा कोणी तरी हवा. कारखान्यात ते काम युनियन करते. पलटणीत युनियन नाही, आणि नसावी हेच बरे. मग ते काम कोणाचे? अधिकाऱ्याचे! दुसऱ्या कोणाचेही नाही.

ही आमची कल्पना नव्हे, कायदाच आहे. त्याच लष्कर कायद्याच्या 26 व्या कलमाने, अन्याय झाला असे वाटणाऱ्या जवानाला वरिष्ठाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे; आणि ज्या अधिकाऱ्याकडे ती येईल त्याने होईल तितकी पूर्ण चौकशी करावी, किंवा गरज पडल्यास ती वर पाठवावी, असे त्याच्यावर बंधन आहे. 21 वे कलम तोंडावर हात ठेवते आणि 26 वे कलम कान उघडायला सांगते. पहिले पाळायचे आणि दुसरे विसरायचे, याला शिस्त म्हणत नाहीत.

जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने निकृष्ट जेवणाची तक्रार करणारी चित्रफीत फेसबुकवर टाकली. हे दल गृहखात्याचे, त्याचा कायदा निराळा. एप्रिलमध्ये तो जवान बडतर्फ झाला. तक्रार कितपत खरी, यात आम्ही शिरत नाही. पण आमचा अनुभव सांगतो की साहेबाचे दार उघडे असेल तर कामगार सहसा रस्त्यावर येत नाही. जी तक्रार फोनवर जाते, ती बहुधा आधी कुठल्या तरी बंद दारावरून परत आलेली असते.

जाळ्यात सापडणाऱ्यांचेही तेच. फेब्रुवारी 2020 मध्ये इस्रायली सैन्याने जाहीर केले की तरुणींच्या खोट्या नावांनी ओळख वाढवून आपल्या सैनिकांच्या फोनमध्ये शिरकाव करण्यात आला. असा फसलेला पोरगा घाबरतो, लपवतो. आणि लपवतो म्हणूनच पुढे पुरता हाती लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘साहेब, घोटाळा झाला’ म्हणून ज्याच्यापाशी येता येईल, असा अधिकारी शंभर हुकूमनाम्यांचे काम करतो.

आता त्याच्या स्वतःच्या वर्तनाकडे वळू. डेहराडूनच्या अकादमीचे 10 डिसेंबर 1932 रोजी उद्घाटन झाले, तेव्हा सरसेनापती चेटवूड यांनी अधिकाऱ्यापुढे एक क्रम ठेवला: आधी देश, मग हाताखालची माणसे, आणि सर्वांत शेवटी आपली सोय. समाजमाध्यम हा क्रम उलटा करते. तिथे आधी मी, मग माझे चाहते, आणि देश पार्श्वभूमीला शोभेपुरता. गणवेश घालून पावडरीच्या डब्याची जाहिरात करणारा, कवायतीपेक्षा चित्रफितीचा अधिक विचार करणारा अधिकारी जवान बरोबर ओळखतात. जातीवर, धर्मावर, बाईमाणसावर केलेला विनोद रात्री मित्रांच्या गटात पुढे ढकलला, तर सकाळी तो त्याच्याआधी कवायतीच्या मैदानावर पोचलेला असतो. ज्या माणसांना उद्या आपल्या शब्दावर मरणाच्या तोंडी पाठवायचे, त्यांच्या देवाची टवाळी करून कसे चालेल? कायद्याच्या 45 व्या कलमात न शोभणारे वर्तन हा गुन्हाच आहे. पण कलमाची आठवण व्हायला लागावी, इथेच अर्धा अधिकारी संपला.

शेवटी आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत हल्ला चालू असता वाहिन्यांनी कारवाई थेट दाखवली. तिने जवानांचे काम अवघड झाले असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली वाहिन्यांना खडसावले. एप्रिल 2025 मध्ये सरकारला पुन्हा तीच सूचना काढावी लागली, आणि ती समाजमाध्यमे वापरणाऱ्या आपल्या सर्वांनाही होती. मुलगा कुठे गेला, कोणत्या गाडीने गेला, हे कौतुकाने साऱ्या गावाला कळवणारे हात घरचेच असतात. साताऱ्याला 1961 साली सैनिकी शाळा निघाली तेव्हापासून आपल्याकडची कितीतरी पोरे तिथून पुढे गेली. त्यांचा अभिमान जरूर धरावा. पण तो धरून ठेवावा, उधळू नये.

आणि एक मागणे. पोराला ‘फोन जपून वापर’ हे तर सांगाच. त्याबरोबर हेही सांगा की, तुझ्या हाताखालच्या माणसाला तुझ्याखेरीज कोणी वाली नाही. त्याचे ऐक, आणि त्याच्यासाठी वर बोल. जवानाने मौन देशाला दिले आहे. अधिकाऱ्याने ते आपल्या सोयीसाठी वापरू नये.