पोटातली चौदा इंजेक्शने

कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती खेड्यापाड्यांतून अजून ऐकू येते. ती अगदीच निराधार नव्हती. डेव्हिड सेम्पल यांनी 1911 साली कसौलीस तयार केलेली ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. तिने पुष्कळांचे प्राण वाचविले. पण क्वचित एखाद्याला ती टोचल्यावर काही दिवसांनी ताप येई, पाय लुळे पडत.

असे का व्हावे? विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते ना, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे असते. लशीबरोबर मेंढीचे मायलिनही शरीरात जाई. शरीराचे पहारेकरी त्याला परके समजून तुटून पडत, आणि आपले मायलिन त्याच्यासारखेच असल्याने त्याच्यावरही लाठी चाले. थॉमस रिव्हर्स यांनी 1933 साली न्यूयॉर्कमध्ये माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचून असाच विकार घडवून दाखविला. म्हणजे येथे शत्रू जंतू नव्हे, पहाराच चुकतो. गोवरानंतरही हजारात एखाद्या मुलाला हा विकार होतो. वेळीच स्टिरॉइड दिल्यास बरेच रुग्ण सुधारतात.

आपल्याकडे सेम्पल लस 2005 च्या सुमारास बंद झाली. आजच्या लशीत मेंदूचा अंशही नाही, आणि ती दंडात टोचतात. तेव्हा गुरुजनहो, मुलांना एवढे पक्के सांगा: कुत्रे चावले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जुनी भीती धरून घरी बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की औषध चालत नाही.