विषाणूची रूपे आणि मृत्यूची मोजदाद

(घोडेगाव येथे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



करोनाची साथ ओसरली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचेही जाहीर केले. परंतु त्या साथीने मागे ठेवलेला एक समज गावोगाव घट्ट रुजला आहे : विषाणू जसजसा जुना होतो, तसतसा तो आपोआप सौम्य होत जातो. हा समज दिलासा देणारा आहे, पण तो खरा नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यापाड्यांच्या आरोग्याचा विचार त्याच्या आधारे होऊ लागला, तर तो घातकही ठरेल.

विषाणू आपल्या प्रती काढताना चुका करतो. बहुतेक चुका निरर्थक असतात. एखादीमुळे मात्र त्याला अधिक वेगाने पसरता येते आणि तेच रूप पुढे टिकते. निवड होते ती प्रसारक्षमतेची. करोनाचा रुग्ण आजार बळावण्यापूर्वीच इतरांना संसर्ग देऊन चुकलेला असतो. तो पुढे वाचला की दगावला, याच्याशी विषाणूला फारसे कर्तव्य नसते. १९१८ च्या इन्फ्लुएंझातही मुंबईतील जूनची पहिली लाट तुलनेने सौम्य होती. संहार केला तो सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेने.

डेल्टाचा इतिहास तर आपल्याच राज्याशी निगडित आहे. त्याच्या कुळातील विषाणू महाराष्ट्रातील नमुन्यांत मोठ्या प्रमाणावर आढळत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी सांगितले, आणि पुढील दोन महिन्यांत काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. इंग्लंडमधील अभ्यासात, आधीच्या अल्फा रूपाच्या तुलनेत डेल्टाच्या रुग्णांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. म्हणजे नंतर आलेले रूप अधिक उग्र होते.

मग ओमायक्रॉन आला. इंग्लंडमधीलच सुमारे १५ लाख रुग्णांच्या नोंदींवरून, डेल्टाच्या तुलनेत त्यात रुग्णालयात दाखल होण्याचा धोका ५९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ६९ टक्क्यांनी कमी दिसला. पण ओमायक्रॉन हा डेल्टाचा निवळलेला वंशज नव्हे. ती वेगळीच शाखा आहे. ती अशी निघाली, हा आपल्या सुदैवाचा भाग. शिवाय ती आली तेव्हा समाज पूर्वीचा राहिला नव्हता. जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी पाहणीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. काहींना ती लसीने दिली, फार मोठ्या संख्येला खुद्द साथीने. ज्या हाँगकाँगमध्ये पूर्वी साथ फारशी पसरली नव्हती आणि वृद्धांपैकी मोठा वर्ग लसीविना राहिला होता, तेथे २०२२ च्या आरंभी याच ‘सौम्य’ ओमायक्रॉनने काही महिन्यांत हजारो बळी घेतले.

आणखी एक साधे गणित ध्यानी घ्यावे. हजार जणांना लागण होऊन शेकडा दोन दगावले, तर मृत्यू वीस. रूप निम्मे सौम्य झाले, पण लागण पाच हजारांना झाली, तर मृत्यू पन्नास. टक्केवारी घटते आणि सरणे वाढतात.

तेव्हा मृत्यूदर हा एकट्या विषाणूचा गुणधर्म नव्हे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. त्यांचे मृत्यू डेल्टाच्या खात्यावर मांडायचे की व्यवस्थेच्या? भीमाशंकर-आहुप्याकडील डोंगरातील महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबांना घाट उतरून घोडेगाव वा मंचर गाठावे लागते. या वाटेवर जे तास जातात, तेही आजाराच्या तीव्रतेत मिळवलेच पाहिजेत.

आणि जो मृत्यू मोजलाच गेला नाही, त्याचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२०-२१ मधील भारतातील जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला. सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास होता. सरकारने तो अंदाज अमान्य केला. वाद पद्धतीचा असेलही; पण प्रत्येक मृत्यूची नोंद आणि तिच्यात वैद्यकीय कारण असते, तर इतका वाद उद्भवलाच नसता. चाचणी नाही तर रुग्ण नाही, आणि रुग्ण नाही तर करोनाचा बळीही नाही, असा हा हिशेब आहे. त्यात सर्वांत आधी गळतो तो गरीब.

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामसभेपुढे दरवर्षी गावातील मृत्यूंची यादी कारणांसह यावी. तालुक्याच्या रुग्णालयातील प्राणवायूची व्यवस्था साथ नसतानाही चालू आहे की नाही, हे लोकांना तपासता यावे. विषाणूच्या जनुकीय तपासणीसाठी नमुने केवळ शहरांतून नव्हे, तर डोंगरातूनही पुण्याच्या प्रयोगशाळांत जावेत.

पुढचे रूप उग्र येईल की सौम्य, हे आपल्या हाती नाही. ते कोणाच्या दारात किती बळी घेईल, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.