परांची: बांबूची कीं लोखंडाची?

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली कीं पुण्यामुंबईच्या गल्ल्यांतून घरांभोंवतीं परांच्या उभ्या राहूं लागतात. कोणाचा ओल आलेला गिलावा खरवडावयाचा असतो, कोणाच्या सज्ज्याचा कोपरा सुटलेला असतो, आणि सर्वांनाच शेवटीं रंगाचे दोन हात द्यावयाचे असतात. रंगाची छटा ठरविण्यांत घरांत आठवडा जातो. नमुन्याचे पट्टे भिंतीवर ओढून सकाळच्या व संध्याकाळच्या उन्हांत ते निरखले जातात. परंतु ज्या सांगाड्यावर उभीं राहून चारपांच माणसें पंधरा दिवस काम करणार, तो कशाचा व कसा असावा, हा प्रश्न घरांत सहसा निघत नाहीं. तो कंत्राटदारावर सोंपविला जातो, आणि कंत्राटदार तो बहुधा खर्चाकडे पाहून सोडवितो.

मोठ्या इमारतीवर इंजिनियर असतो, देखरेख असते, तपासणीची भीति असते. परांचीसाठीं भारतीय मानकही आहे. ३६९६ क्रमांकाच्या या मानकाचा परांचीविषयींचा पहिला भाग १९८७ सालचा आहे. पण दुमजली घराच्या डागडुजीवर तें उघडून पाहणारा कोण? बांधकाम मजुरांसाठीं १९९६ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यांतूनही, स्वतःच्या राहत्या घराचें दहा लाख रुपयांपर्यंतचें काम मुळांतच वगळलें होतें. लहान कामावर, म्हणजे, घरमालकाखेरीज विचारणारा कोणी नसतो. पडणारा माणूस मात्र तितक्याच उंचीवरून पडतो.

बांबू कीं लोखंड, या वादाच्या आधीं एक दुसराच भेद ध्यानांत घ्यावयास हवा. परांची एकेरी असते किंवा दुहेरी. एकेरी परांचींत उभ्या वांशांची एकच रांग भिंतीपासून कांहीं अंतरावर रोंवतात. आडव्या वांशांचें एक टोंक या रांगेवर बांधलेलें असतें व दुसरें भिंतींत पाडलेल्या भोंकांत बसविलेलें असतें. दुहेरींत उभ्या वांशांच्या दोन रांगा असतात, आणि सारा भार जमिनीवर उतरतो. भिंतीला केवळ आधारापुरतें धरलेलें असतें. एकेरीला वांसे कमी लागतात, म्हणून ती स्वस्त. नव्या विटकामांत भोंकें आधींच ठेवतां येतात व तेथें ती चालतेही. तरीसुद्धां केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमांत तिला मर्यादा आहेत: एका वांशासाठीं एकच वीट वगळावी; खांबांत, दोन खिडक्यांमधील एक मीटरहून अरुंद भिंतींत, अथवा तुळईच्या लगत खालीं भोंक मुळींच ठेवूं नये; आणि काम संपतांच भोंक विटेनें भरून काढावें.

जुन्या घरांत भोंकें आयतीं नसतात, तीं छिन्नीनें पाडावीं लागतात. एका विटेच्या रुंदीची, म्हणजे साडेचार इंची भिंत असेल तर वांसा पेलण्याचें बळच तिच्यांत नसतें. नऊ इंची भिंतींतही नंतर भरलेली वीट जुन्या कामाशीं एकजीव होत नाहीं. वरून रंग चढला कीं दिवाळींत कांहींच दिसत नाहीं. पुढच्या जुलैंत पश्चिमेचा पाऊस त्या भिंतीवर आपटूं लागला म्हणजे आंतल्या खोलींत ओळीनें, सारख्या अंतरावर, ओलीचे डाग उमटतात. मग रंगाला दोष दिला जातो! डागडुजीच्या कामाला एकेरी परांची नको, एवढें गृहस्थानें पहिल्या दिवशींच बजावून ठेवावें.

दुसरा प्रश्न भाराचा. रंगारी कुंचला व डबा घेऊन चढतो; गवंड्याजवळ मालाचीं घमेलीं व विटांची थप्पी असते. एक वीट सुमारें तीन किलो धरली तर पन्नास विटांचे दीडशे किलो झाले, आणि दोन माणसें वेगळीं. युरोपीय मानकांत हलक्या कामाच्या परांचीवर दर चौरस मीटरला सुमारें दीडशे किलोंचा भार धरतात, तर विटकामाच्या परांचीवर त्याच्या दुप्पट. तेव्हां “रंगासाठीं” म्हणून बांधलेल्या परांचीवर मध्येंच कठडा बांधावयास गवंडी चढविणें, ही लहान कामांतील नेहमींची आणि फार वाईट संवय होय.

आतां बांबू. तो हलका असतो, वाकड्यातिकड्या जागेंत बसतो, आणि बांधणारीं माणसें जवळपास मिळतात. बांबूची परांची बहुधा चौरस फुटाच्या दरानें उक्ती ठरते. म्हणून अवकाळी पावसानें काम आठवडाभर लांबलें तरी घरमालकाचा खर्च वाढत नाहीं. लोखंडी सामान मात्र दिवसाच्या वा महिन्याच्या भाड्यानें येतें व खोळंब्याचा प्रत्येक दिवस हिशेबांत चढतो. बांबूचा दोष असा कीं एक बांबू दुसऱ्यासारखा नसतो. तीन वर्षांच्या आंतील कोंवळा बांबू कमजोर असतो. भुंगा लागलेल्या बांबूंतून पिंवळट भुकटी गळते. तो उभा चिरलेला असला तर चीर गांठीखालीं झांकली जाते. काथ्याची दोरी पावसांत भिजून आंवळते व उन्हांत सुकून सैल पडते, म्हणून चांगला मिस्त्री दर दोनचार दिवसांनीं गांठी चांचपून पाहतो. जो पाहत नाहीं त्याची परांची पहिल्या दिवशीं जितकी भक्कम होती तितकी दहाव्या दिवशीं राहत नाहीं.

लोखंडांत दोन प्रकार आहेत. नळ्या व क्लॅम्प यांची पद्धत इंग्लंडांत विसाव्या शतकाच्या आरंभीं डॅनियल पामर-जोन्स यांच्या प्रयत्नांनीं रूढ झाली. पाण्याच्या दीड इंची नळाचेंच माप त्यांत घेतलें गेलें, आणि बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाची नळी आजही जगभर चालते. तिला हवा तो आकार देतां येतो. पण प्रत्येक क्लॅम्प नीट आंवळणारा हात हवा. दुसरा प्रकार तयार चौकटींचा, ज्याला बाजारांत एच-फ्रेम म्हणतात. तो झटपट उभा राहतो व मोजमापांत चूक होण्यास जागा कमी. मात्र त्याला सपाट जमीन व मोकळी, सरळ भिंत लागते. सज्जे आणि गॅलऱ्या यांच्याभोंवतीं तो वळत नाहीं.

पुण्यांत कोथरूडला एक दुमजली घर आहे असें समजावें. उंची बावीस फूट. समोर रस्ता असून खांबावरून विजेची तार घरांत आलेली आहे. पश्चिमेला कुंपणाची भिंत अवघ्या तीन फुटांवर. मागें बाग, आणि बागेंत काळी माती. गच्चीच्या मागच्या कठड्याचें विटकाम नव्यानें करावयाचें आहे. बाकीच्या बाजूंना गिलाव्याची मलमपट्टी व रंग. समोरच्या बाजूस लोखंडी नळी तारेजवळ नेणें म्हणजे मृत्यूला बोलावणें. परंतु ओला बांबूही वीज वाहून नेतो, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तेथें वीज कंपनीकडून तार बंद करून अथवा हलवून घेतल्यावांचून कोणतीच परांची उभारूं नये. पश्चिमेला चार फूट रुंदीची चौकट मावत नाहीं, आणि नेमक्या याच भिंतींत कंत्राटदार एकेरी परांची सुचवितो. नेमकी हीच भिंत पाऊस झेलते. तेथें अडीच फूट रुंदीची दुहेरी बांबूची परांची बांधून, ती खिडक्यांतून आंत आडवे वांसे घालून घराला जखडावी. मागें विटांचा भार आहे, जागा मोकळी आहे. तेथें एच-फ्रेम योग्य. पण पावसाळ्यानंतरची काळी माती पायाखालीं दबते, म्हणून प्रत्येक पायाखालीं लोखंडी तबकडी व तिच्याखालीं रुंद लांकडी फळी हवी. सेप्टिक टँकच्या झांकणावर पाय टेकूं देऊं नये. एकाच घराला, याप्रमाणें, दोन प्रकार लागले, आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

घोडी खोल्यांच्या आंतील कामाला उत्तम; बाहेर तिच्यावर शिडी ठेवून उंची वाढविणारा रंगारी खालीं उतरवावा. झुला दुमजली घराला क्वचितच लागतो. लागलाच तर त्याचा दोर गच्चीच्या कठड्याला बांधूं देऊं नये. तो कठडा बहुधा एका विटेचा असतो.

प्रकार कोणताही असो, काम सुरू होण्याच्या सकाळीं गृहस्थानें परांचीभोंवतीं एक फेरी मारावी. उंची पायाच्या अरुंद बाजूच्या तिपटीहून अधिक असून ती घराला जखडलेली नसेल, तर कोणाला वर चढूं देऊं नये. तिरपे वांसे आहेत काय, फळ्या मोकळ्या न ठेवतां बांधल्या आहेत काय, आणि बाहेरच्या बाजूस सुमारें मीटरभर उंचीचा कठडा आहे काय, हें पाहण्यास इंजिनियरची विद्या लागत नाहीं. कठड्यासाठीं आणखी बांबू मागितले तर मुकादम हंसतो, मागावेच.

काम संपल्यावरची घाई तर याहूनही घातक असते. दुसऱ्या दिवशीं सामान दुसरीकडे न्यावयाचें असतें, म्हणून रंग वाळतांच खिडक्यांतील आडवे वांसे सर्व एकदम ओढून काढले जातात व माणसें अजून वरच असतात. परांची वरून खालीं, एकेक थर उतरवीत यावी, आणि त्या त्या थराचा आधार तो थर उतरेपर्यंत जागेवर राहूं द्यावा. तेवढा अर्धा दिवस मजुरींत आधींच धरून ठेवावा, म्हणजे मुकादमाला घाई करण्याचें कारण उरत नाहीं.