द्रावकाची साक्ष



1962च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर एमार हा तरुण संशोधक अडचणीत सापडला होता. खेलिन या वनस्पतिजन्य द्रव्यापासून त्याने नवी संयुगे बनवली होती, पण ती विरघळेनात. म्हणून ती प्रयोगशाळेत द्रावक म्हणून वापरल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोइक आम्लात घातली गेली. सशांवर चाचणी झाली आणि आकडी रोखली गेली. पुढे अगदी वेगळ्या रचनेचे संयुग त्याच द्रावकातून दिले, तरी तोच गुण! अखेर नुसते द्रावकच देऊन पाहिले, तेव्हा उलगडा झाला. 1882 साली तयार झालेले हे आम्ल आज जगभर अपस्मारावर दिले जाते.

वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत जवळ बाळगावी. अर्क मद्यार्कात काढला असेल, तर मद्यार्क स्वतःच आकडीवर परिणाम करतो. म्हणूनच नुसते द्रावक दिलेल्या प्राण्यांचा गट नसेल, तर निष्कर्षाला आधार उरत नाही.

आकडीविरोधी गुणाची चाचणी प्रत्यक्षात कशी होते? उंदराच्या डोळ्यांवर सलाइनचा थेंब टाकून इलेक्ट्रोड टेकवतात आणि 50 मिलिअँपिअरचा प्रवाह 0.2 सेकंद सोडतात. औषध न मिळालेल्या उंदराचे मागचे पाय ताठ ताणले जातात. अर्क दिलेल्या उंदराचे तसे झाले नाहीत, तर त्याला संरक्षण मिळाले असे धरतात. दुसऱ्या चाचणीत पेंटिलिनटेट्राझोल हे रसायन टोचून झटके आणतात. पण गुंगीत पडलेला उंदीरही झटक्यांपासून वाचल्यासारखा दिसू शकतो. त्यासाठी फिरत्या दांड्यावर त्याचा तोल तपासावा लागतो.

या दोन चाचण्यांनाही मर्यादा आहेत. लेव्हेटिरासेटाम दोन्हींत नापास झाले होते. मेंदूला वारंवार सौम्य उद्दीपन देऊन हळूहळू आकडीप्रवण केलेल्या प्राण्यांत मात्र त्याचा गुण दिसला. आज ते नेहमीच्या वापरातले औषध आहे.

आता वनस्पती आणि चालू औषध एकत्र आल्यावर काय होते, याचे घरचे उदाहरण. शंखपुष्पीचे सिरप घेणाऱ्या दोन रुग्णांना फेनिटॉइन हे आकडीवरचे औषध चालू असतानाही फिट येऊ लागल्या, तेव्हा मुंबईच्या संशोधकांनी रॅटवर प्रयोग केले. सिरप काही दिवस दिल्यावर रक्तातले फेनिटॉइन घटले आणि त्याचा परिणामही उतरला. 1992 साली हे प्रसिद्ध झाले. वनस्पती निरुपद्रवीच असते, असे मानून गोळीबरोबर काढा घेणारी घरे आपल्याकडे असंख्य आहेत. त्यामुळे अर्क एकटा काय करतो, एवढ्यावर थांबणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे ठरेल. चालू औषधासोबत तो काय करतो, हेही तपासलेच पाहिजे.

गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिओलने प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंतचा सगळा प्रवास पुरा केला. प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर शुद्ध, मोजून दिलेल्या मात्रेत त्याच्या तुलनात्मक मानवी चाचण्या झाल्या आणि 2018 साली ड्रॅव्हे व लेनॉक्स-गॅस्टो या दुर्धर अपस्मारांसाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच चाचण्यांत क्लोबाझाम या आकडीवरच्या औषधाशी होणारी आंतरक्रियाही नोंदली गेली.

ब्राह्मी, वेखंड, जटामांसी यांचीही अशीच कसून परीक्षा व्हायला हवी. वनस्पतीचा ओळख पटवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवावा. वापरलेला भाग, तोडणीचा महिना आणि अर्कातल्या मुख्य घटकाचे प्रमाण लिहावे. कोणत्या प्राण्याला काय दिले हे निरीक्षकाला कळू देऊ नये. निकाल नकारार्थी आला तरी छापावा, म्हणजे त्याच प्रश्नासाठी पुन्हा उंदरांचे जीव जाणार नाहीत. आजच्या सत्रांतला प्रत्येक शोधनिबंध ऐकताना सभासदांनी पहिला प्रश्न द्रावकाच्या गटाविषयी विचारावा, ही अध्यक्षपदावरून कळकळीची विनंती.